‘कोळशाच्या खाणीतली कॅनरी’ मराठीत कशी आणावी?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
पर्यावरणावरील एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना, बेडकांना ‘कोळशाच्या खाणीतली कॅनरी’ म्हणणाऱ्या वाक्यापाशी मी अडकले आहे. तूर्तास ‘धोक्याची घंटा’ असे लिहिले आहे, पण त्यातून काहीतरी निसटते आहे असे सारखे वाटते. या पक्ष्याचा खाणीशी नेमका काय संबंध होता, आणि मराठीत त्यासाठी काय लिहावे?

उत्तर (सावनेर)
ताई, मी भूमिगत कोळसा खाणीतून ओव्हरमॅन (खाणीतील कामावर देखरेख ठेवणारा अधिकारी) म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडे पिंजरा कधी नव्हता. सरदाराच्या (म्हणजे खाणीतल्या मुकादमाच्या) हाती सेफ्टी लॅम्प असे आणि तिच्या बारीक केलेल्या ज्योतीवर फिकट निळी टोपी चढली की मिथेन आहे हे कळे. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत मात्र त्या ज्योतीचा भरवसा धरता येत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. स्फोटानंतर किंवा आतला कोळसा आपोआप तापून धुमसू लागला की हा वायू साचतो. खाणीतील स्फोटांत पुष्कळ कामगार स्फोटाच्या तडाख्याने नव्हे तर याच वायूने दगावतात, हे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९०च्या दशकात दाखवून दिले आणि लहान, उष्ण रक्ताचे प्राणी सोबत नेण्याचा उपाय सुचवला. उंदीरही वापरून झाले. पण कॅनरीचा श्वासोच्छ्वास जलद, फुप्फुसांना हवेच्या पिशव्यांची जोड, आणि मुख्य म्हणजे ती दांडीवर झोकांड्या खाऊ लागली की मिणमिणत्या उजेडातही दिसते. माणसाला बाहेर पडायला तेवढा वेळ पुरे. काही पिंजऱ्यांवर ऑक्सिजनचे छोटे सिलिंडर बसवलेले असे, म्हणजे कोसळलेल्या पाखराला शुद्धीवर आणता येई. ब्रिटनमध्ये १९८६ साली त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणण्याचा निर्णय झाला.

उत्तर (महाल, नागपूर)
वरील माहितीतच आपल्या अडचणीचे उत्तर आहे. घंटा वाजते, पण तिला स्वतःला काही होत नाही. कॅनरी मात्र त्याच हवेत श्वास घेते आणि आपल्याआधी कोसळते. ‘शंकेची पाल चुकचुकली’ हेही येथे चालणार नाही, कारण पाल भिंतीवर सुखरूप असते. बेडकाची त्वचा पातळ आणि पाझरती असल्यामुळे पाण्यातील विष त्याला लवकर बाधते, म्हणून ही उपमा त्याला चपखल बसते. हल्ली मात्र एखाद्या कंपनीचा नफा घटला तरी इंग्रजी वर्तमानपत्रे तिला कॅनरी करून टाकतात. तेथे आपली घंटाच बरी. (जाता जाता: हाल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन हे जनुकशास्त्रज्ञ १९५७ साली भारतात आले आणि पुढे भारतीय नागरिक झाले.)

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. आता वाक्य असे केले आहे: ‘खाणीतल्या विषारी वायूने माणसाआधी कॅनरी कोसळे, तसे दूषित पाण्याने आपल्याआधी बेडूक मरतात.’ लेखात पुढे आणखी दोन ठिकाणी नुसती ‘कॅनरी’ येते. तिथे आता खुलाशाची गरज पडू नये. मात्र एका परिच्छेदात पाऊस मोजण्याच्या यंत्रालाही लेखकाने कॅनरी म्हटले आहे, तिथे मी घंटा ठेवते.