टिपूचा तंबू वेल्समध्येच राहू द्यावा का?

तिठा:
वेल्समध्ये वेल्शपूल गावाजवळ पोविस कासल आहे. तांबड्या दगडाचा गढीवजा वाडा, पायरी-पायरीनं उतरत गेलेली बाग आणि आत भारतातल्या तीनशेहून जास्त वस्तू. टिपूच्या सिंहासनावरचं सोन्याचं रत्नजडित व्याघ्रमुख, त्याचा चिटाचा तंबू, सिराजुद्दौलाची म्हणून दाखवतात ती पालखी. प्लासीनंतर रॉबर्ट क्लाइव्हला मीर जाफरकडून २ लाख ३४ हजार पौंड मिळाले होते. त्याचा मुलगा एडवर्ड १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर. एडवर्डची बायको हेन्रिएटा याच वाड्याच्या हर्बर्ट घराण्यातली, म्हणून सगळं इथं येऊन पडलं. १९५२ पासून वाडा नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुने वाडे-बागा सांभाळणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे आहे.

माझं म्हणणं एवढंच, की श्रीरंगपट्टणहून नेलेलं तरी परत यावं. ४ मे १७९९ ला टिपू पडला, रात्रभर शहर लुटलं गेलं आणि उरलेला खजिना कंपनीच्या फौजेनं आपसात रीतसर वाटून घेतला. सिंहासनसुद्धा फोडून वाटलं. क्लाइव्हनं पैसे मोजून घेतलेली चित्रं, फर्निचर खुशाल ठेवा.

खडूस_सदाशिव:
पैसे मोजून? कुठले पैसे? त्याच वाड्यात बेलोत्तो या इटालियन चित्रकाराचं व्हेरोना शहराचं भलंमोठं चित्र आहे, क्लाइव्हनं १७७१ मध्ये विकत घेतलेलं. पावती असेलही, पण रक्कम बंगालची. तंबू तेवढा लुटीचा आणि चित्र खरेदीचं, ही रेघ तुम्ही ओढलीत खरी, ती टिकत नाही. मागायचं तर सगळ्याचा हिशोब मागा, नाहीतर गप्प बसा.

नीरा_काठ:
मी विरोधात. परत म्हणजे कुणाला द्यायचं? टिपूच्या मुलांना इंग्रजांनी आधी वेल्लोरला ठेवलं, १८०६ च्या बंडानंतर कलकत्त्याला हलवलं. वंशज अजून तिकडेच आहेत. कर्नाटक सरकारनं २०१९ मध्ये टिपू जयंती बंद केली. ज्याची जयंती नको, त्याचा तंबू हवा? आणि लुटीबद्दल आपण मराठी माणसांनी जरा जपून बोलावं. १७९१ मध्ये मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि मठ पुन्हा उभा करायला मदत पाठवली ती याच टिपूनं.

तिठा:
शृंगेरीचं मान्य. पण आपल्या लुटीमुळे त्यांची लूट धुऊन निघत नाही. जयंती हे मतांचं राजकारण, ते दर निवडणुकीला फिरतं. म्युझियमचा निर्णय त्यावर टांगायचा का?

कोंदण:
सुती कापडाबद्दल थोडं बोलते, कारण त्यावर कुणी बोलतच नाहीये. छापील, रंगवलेल्या चिटाचा खरा शत्रू उजेड. रंग एकदा उडाला की गेला. त्या खोल्या अंधाऱ्या ठेवतात त्या उगाच नाही. सव्वादोनशे वर्षं कापड टिकलं, त्यात त्या थंड वाड्याचाही हात आहे. आपल्याकडच्या किती सरकारी संग्रहालयांत पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तुम्हीच सांगा.

खडूस_सदाशिव:
ताई, हा तंबू त्यांनी जपला म्हणता? वाड्याच्या गार्डन पार्ट्यांना हाच तंबू उभारायचे! ज्यात सुलतान राहायचा त्यात पाहुण्यांचा चहा. जपणूक वगैरे अलीकडची, ट्रस्टची. घराण्याच्या नावावर ती जमा करू नका.

कोंदण:
पार्ट्यांचं खरं आहे. तरी कापड आज शाबूत आहे, आणि आजचा प्रश्न ते पुढे कोण सांभाळणार हाच आहे.

नीरा_काठ:
शिवाय तिकीट काढून कुणालाही ते पाहता येतं. लिलावात गेलेल्या वस्तूंचं काय होतं बघा. टिपूच्या शयनगृहातली तलवार मे २०२३ मध्ये लंडनला बॉनहॅम्सकडे १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. जा आता शोधत. त्यापेक्षा वाडा परवडला.

भर_दुपारी:
वाघनखांसारखं करता येईल की. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली, तीन वर्षांच्या बोलीवर. तसा तंबू श्रीरंगपट्टणच्या दरिया दौलतमध्ये, टिपूच्या उन्हाळी महालात येऊ द्या.

तिठा:
आपलीच वस्तू आपण उसनी आणायची, आणि वर विमा आपणच भरायचा? शिवाय ती वाघनखं नेमकी अफजलखान वधातलीच का, यावर केवढा गदारोळ झाला आठवतोय ना. इथं तसा घोळही नाही.

कोंदण:
दरिया दौलतच्या भिंतीच मुळी रंगचित्रांनी भरलेल्या आहेत. तंबू टांगणार कुठे? वेगळी बंद खोली बांधावी लागेल, उजेड-दमट मोजणारी यंत्रं, रात्रीचा पहारा. त्याचा खर्च सरकारनं आधी मंजूर करून दाखवावा, मग मी तुमच्या बाजूनं सही करते.

खडूस_सदाशिव:
आणि मंजूर झाला तर? सही व्याघ्रमुखासाठी पण कराल ना? सोन्याला उजेडाची भीती नसते.

कोंदण:
व्याघ्रमुखासाठी आजच करते.