ईस्टरला हंगेरीतलं होलोको: आईबाबांना कसं न्यावं?

मृण्मयी_व्ही
आईबाबा सांगलीहून माझ्याकडे व्हिएन्नाला येताहेत. 2027चा ईस्टर सोमवार 29 मार्चला आहे. त्या दिवशी होलोको गावात तरुण मुलं पारंपरिक वेशातल्या मुलींवर विहिरीचं पाणी बादल्यांनी ओततात, ते आईला बघायचंच आहे. बुडापेस्टपर्यंतची रेल्वे तिकिटं काढून झालीत. त्यापुढे तिघांचे मिळून 150 युरो, मुक्कामासकट. आई शाकाहारी, बाबांचे गुडघे दुखतात. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं का?

सह्यकडा
गाडी भाड्याने घ्या, दुसरा विचारच नको. बुडापेस्टहून शंभरेक किलोमीटर. आम्ही ऑटोमॅटिक घेतली होती, बायको-मुलं खूश. हायवेचा टोल पास आधी ऑनलाइन काढा.

कोकणकन्या७
तिचं बजेट 150 आहे हो! बुडापेस्टच्या स्टाडिओन बसस्थानकावरून थेट बस आहे, साधारण दोन तास लागतात. सुट्टीच्या दिवशी वेळा वेगळ्या असतात, तेवढं बघून घे.

नाना_डोंबिवलीकर
65च्या वरच्यांना हंगेरीत बस-रेल्वे फुकट असते. आईबाबांचं तिकीट काढूच नका.

कोकणकन्या७
काका, ती सवलत युरोपियन युनियनच्या नागरिकांना. भारतीय पासपोर्टवर तिकीट काढावंच लागतं. कृपया असं सांगू नका, दंड त्यांना भरावा लागेल.

नाना_डोंबिवलीकर
माझ्या साडूंना कोणी विचारलं नव्हतं.

रानवाटा
माझा कॅमेरा गेला तिथे. अगदी पुढे उभा होतो, बादलीतलं अर्धं पाणी माझ्यावर. पण त्या मुलींचे थरावर थर घातलेले चुण्यांचे घागरे पाणी पिऊन इतके जड होतात की दोन्ही हातांनी उचलून धरत पळावं लागतं, ते जवळूनच बघण्यासारखं आहे. फोनला प्लास्टिकची पिशवी हवीच.

अनुजा_के
थंडीत मुलींना भिजवायचं, यात कसलं कौतुक?

रानवाटा
आपल्या रंगपंचमीत तरी कोण विचारून भिजवतं? शिवाय घरोघरी आता बहुतेक जण चार ओळींची कविता म्हणून थोडं अत्तर शिंपडतात आणि रंगवलेलं अंडं घेऊन जातात. बादल्या अशा उत्सवांतच जास्त दिसतात.

सह्यकडा
गाडी असली की कॅमेराही गाडीत ठेवता येतो.

बुडापेस्टची_सून
मी इथेच राहते. एवढा खटाटोप कशाला, सेंटएंद्रेचं खुलं संग्रहालय बघा. देशभरातली जुनी घरं एका ठिकाणी आहेत, ईस्टरचे कार्यक्रमही असतात, बुडापेस्टहून सेंटएंद्रेपर्यंत लोकल जाते.
होलोकोलाच जायचं असेल तर: जुन्या गावात दगडी फरसबंदी आणि चढ आहे, किल्ला आणखी वर. बाबांनी लाकडी मनोऱ्याच्या चर्चजवळच बसावं. उत्सवाला प्रवेश-तिकीट असतं. खर्च फोरिंटमध्ये, युरोवर विसंबू नका. ईस्टरच्या ताटात हॅम, उकडलेली अंडी आणि तिखट हॉर्सरॅडिश. आईंसाठी लांगोश (तळलेली जाड पोळी, वर आंबट साय आणि चीज) आणि गोड वेणीचा पाव. लांगोश प्राण्याच्या चरबीत तळलेला नाही ना, एवढं विचारा. आणि 28 मार्चच्या पहाटे घड्याळ एक तास पुढे जातं. रविवारची गाडी-बस असेल तर लक्षात ठेवा.

नाना_डोंबिवलीकर
1987 साली युनेस्कोच्या यादीत आलेलं गाव सोडून संग्रहालय बघायचं? 1909च्या आगीनंतर लोकांनी घरं पुन्हा जुन्याच पद्धतीने बांधली. जिवंत गाव आहे ते. मृण्मयी, होलोकोच बघ.

मृण्मयी_व्ही
सगळ्यांचे मनापासून आभार. गाडी नको, सेंटएंद्रे नको आणि एका दिवसात जाऊन येणंही नको. रविवारी दुपारच्या बसने जाऊन गावातल्याच एका जुन्या घरात मुक्काम करतेय. बजेट ओलांडलं, पण बाबांना भल्या पहाटे प्रवास नको आणि सोमवारी बाहेरची गर्दी यायच्या आधी आईला गल्ली निवांत बघता येईल. खोलीला स्वयंपाकघर आहे, म्हणजे पिठलं-भात होईल. कोकणकन्या, सोमवारी दुपारनंतर परतीची शेवटची बस किती वाजता, कुठे बघायचं?

सह्यकडा
मुक्कामाच्या पैशात गाडी आली असती.