बेअर्सचा दहावा पिक: लेफ्ट टॅकलच घ्यायचा की बेन जॉन्सन म्हणेल तो?

नेपरव्हिलकर

मंडळी, २०२५ चा एनएफएल ड्राफ्ट (अमेरिकन फुटबॉलच्या टीम कॉलेजची पोरं पाळीपाळीने निवडतात तो) २४ एप्रिलला आहे, तोही ग्रीन बेमध्ये, आणि आमच्याकडे शिकागोच्या सबर्बात दोन बेअर्सवाले (शिकागो बेअर्स टीमचे चाहते) भेटले की सध्या दुसरा विषयच नाही. आपल्याकडे १०, ३९, ४१ आणि ७२ असे वरचे चार पिक (निवडीचे नंबर) आहेत (३९ वाला कॅरोलायनाचा, २०२३ मध्ये पहिला पिक त्यांना दिला त्या ट्रेडमधलं शेवटचं येणं). एवढे चांगले पिक परत कधी एकत्र हातात येतील सांगता येत नाही म्हणून विचारतोय.

नवा हेड कोच बेन जॉन्सन काय मागेल माहीत नाही, पण माझं म्हणणं सरळ आहे, दहाव्याला लेफ्ट टॅकल, म्हणजे डाव्या टोकाला उभा राहून क्वार्टरबॅकला वाचवणारा लाईनमन. गेल्या सीझनला आपला क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) कॅलेब विल्यम्सला ६८ वेळा सॅक केलं (फेकायच्या आत पाडलं), रूकी म्हणजे पहिल्याच वर्षाच्या पोराला! एका सीझनमध्ये याच्यापेक्षा जास्त मार फक्त डेव्हिड कार (७६) आणि रँडल कनिंगहॅम (७२) यांनी खाल्लाय, आणि कार पण पहिल्या नंबरचाच पिक होता, रूकीच होता, त्याचं करियर नंतर कधी उभंच राहिलं नाही. जनरल मॅनेजर पोल्सने मार्चमध्ये मधली लाईन पूर्ण बदलली हे मान्य. जो थुनी कॅन्सस सिटीकडून आणला, जोना जॅक्सन रॅम्सकडून, सेंटरला ड्रू डालमन. उजवीकडे डार्नेल राईट आहेच. पण डावीकडे ब्रॅक्स्टन जोन्सचा घोटा डिसेंबरात मोडलाय आणि त्याच्या काँट्रॅक्टचं हे शेवटचं वर्ष. राखीव टॅकल अमेगाजीला मिनेसोटाविरुद्ध उतरवला तेव्हा काय हाल झाले ते बघितलंय सगळ्यांनी. क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असेल तर डावी बाजू म्हणजे त्याची पाठ, तिथे "बघू, चालवून घेऊ" असं करून कसं चालेल?

आणि दुसरा प्रश्न, अ‍ॅश्टन जेंटी (रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारा) दहापर्यंत आला तर? मी तरी सोडून देईन. तुम्ही काय कराल?

कोथरूडचा बेअर

दादा ६८ सॅकचं सगळं खापर लाईनवर फोडू नका. मी इथून पुण्यातून रात्र रात्र जागून प्रत्येक मॅच बघतो (दुपारची मॅच आमच्याकडे साडेदहाला, नोव्हेंबरपासून साडेअकराला सुरू होते) आणि मला गेल्या वर्षी सगळ्यात जास्त त्रास झाला तो कोचिंगचा.

वॉशिंग्टनची मॅच आठवा, २७ ऑक्टोबर. एक यार्डवरून टचडाउन हवाय आणि बॉल दिला कुणाला तर डग क्रेमरला, म्हणजे लाईनमनला! फम्बल, बॉल हातातून सुटला. तरी नंतर आपण पुढे गेलो. मग शेवटची काही सेकंदं उरलेली असताना डिफेन्स इतका मागे उभा केला की त्यांच्या मॅक्लॉरिनला साइडलाईनजवळ १३ यार्ड फुकट मिळाले, आणि त्या १३ यार्डांमुळेच त्यांचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सचा शेवटचा बॉल एंड झोनपर्यंत पोचला. स्नॅपच्या वेळी (बॉल खेळात येताना) आपला टायरीक स्टीव्हन्सन प्रेक्षकांकडे तोंड करून हात हलवत होता हे सगळ्यांना आठवतं, पण ते १३ यार्ड कुणी धरतच नाही. १८-१५ हरलो.

मग पॅकर्स. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ आहे, बॉल आपल्याकडे, अजून पाचसात यार्ड काढता आले असते, तर नाही, घड्याळ चालू ठेवलं आणि सँटोसला ४६ यार्डची किक मारायला लावली. ब्लॉक झाली. २०-१९.

आणि थँक्सगिव्हिंग. डेट्रॉईटमध्ये हाफटाइमला १६-० मागे असलेली टीम २३-२० पर्यंत आली, कॅलेब सॅक झाला, तीसेक सेकंद बाकी, टाइमआउट शिल्लक आहे. तेव्हाचा हेड कोच एबरफ्लूस घेतच नाही! घड्याळ पळतंय, आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, मी टीव्हीसमोर उभा राहून "घे, घे, घे" म्हणतोय, आणि पुढचा स्नॅप झाला तेव्हा फक्त सहा सेकंद उरली होती. टाइमआउट तसाच खिशात. दुसऱ्या दिवशी त्याला काढला, बेअर्सच्या इतिहासात सीझन चालू असताना हेड कोचला काढायची ती पहिलीच वेळ. मला विचाराल तर वॉशिंग्टननंतरच काढायला हवा होता.

म्हणून माझं मत, टॅकल हवा पण १०लाच हवा असं नाही. कॅलेब बॉल फार वेळ धरून ठेवतो आणि तेव्हाच्या ऑफेन्स कोऑर्डिनेटर वॉल्ड्रनने त्याला पटकन सोडायचे प्लेच दिले नाहीत, त्यातले बरेच सॅक नुसत्या स्कीमने कमी होतील. मी माँटेझ स्वेटच्या दुसऱ्या बाजूला एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) घेईन. ओडेयिंग्बो आणलाय, पण मला तेवढा पुरेसा वाटत नाही. जेंटी आला तर मात्र मी डोळे झाकून घेईन.

ऑरोराचा सुहास

जेंटी जबरदस्त आहे, २६०१ यार्ड धावला कॉलेजच्या शेवटच्या सीझनला, बॅरी सँडर्सच्या रेकॉर्डला फक्त २७ कमी. पण या वर्षी रनिंग बॅकचा क्लास इतका खोल आहे की ३९ आणि ४१ ला पण चांगला मिळेल, ओहायो स्टेटचे दोघं आहेत, हॅम्प्टन कदाचित वर जाईल. टॅकलचं तसं नाही. चांगले टॅकल पहिल्या वीसात संपतात. नेपरव्हिलकरांशी सहमत.

आणि बेअर्सचा अनुभव विसरू नका. २०१५ ला सातव्याला केव्हिन व्हाईट, २०१७ ला मुद्दाम वर जाऊन ट्रुबिस्की, आणि त्याच ड्राफ्टला महोम्स (नंतरचा स्टार क्वार्टरबॅक) दहावा गेला. चमकदार नाव बघून उडी मारली की आपलं काय होतं हे परत परत बघितलंय. डार्नेल राईट घेतला तेव्हा लोक ओरडत होते की जेलन कार्टर सोडला. कार्टर भारी निघाला हे खरं, फेब्रुवारीत सुपर बोल पण जिंकला, पण राईट आज आपला सगळ्यात भरवशाचा लाईनमन आहे आणि मला तो पिक अजूनही बरोबर वाटतो.

त्या सुपर बोलचंच बघा ना. ईगल्सने एकदाही ब्लिट्झ (जादा माणसं पाठवून हल्ला) न करता महोम्सला सहा वेळा झोपवलं. आणि चीफ्सचा (महोम्सच्या कॅन्सस सिटीचा) लेफ्ट टॅकल कोण होता त्या दिवशी? आपला थुनी! उत्तम गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा लाईनमन), पण नाइलाज म्हणून टॅकलला खेळवावा लागला. डावी बाजू उघडी असेल तर महोम्स पण काही करू शकत नाही, कॅलेब काय करणार.

मिशिगनवाली

मी लायन्सची (डेट्रॉईटची टीम, जॉन्सन आधी तिथला ऑफेन्स कोऑर्डिनेटर होता), पण तीन सीझन बेन जॉन्सनचा ऑफेन्स दर आठवड्याला बघितलाय म्हणून लिहिते. तुम्ही सगळे "कुठली जागा रिकामी आहे" एवढंच बघताय. तो माणूस तसा विचार करत नाही.

२०२३ ला आम्ही बाराव्याला जहमीर गिब्स घेतला तेव्हा सगळे तज्ज्ञ म्हणाले वेडे झालेत, रनिंग बॅक इतक्या वर घेतात का. पुढे दुसऱ्या राउंडला सॅम लापोर्टा, टाइट एंड. लापोर्टाने पहिल्याच वर्षी १० टचडाउन केले आणि गिब्सने २०२४ मध्ये २०. जॉन्सनच्या ऑफेन्सचं मर्म असं की एकाच फॉर्मेशनमधून तो धावतो पण आणि फेकतो पण, डिफेन्सला स्नॅपच्या आधी कळतच नाही. त्यासाठी त्याला ब्लॉक पण करेल आणि बॉल पण पकडेल असा टाइट एंड लागतो, शक्यतो दोन. तुमच्याकडे कमेट आहे, तो चांगलाच आहे, पण एकटा आहे.

सुहासदादांचं लाईनबद्दलचं म्हणणं मात्र खोटं नाही. आमच्याकडे पेनेई सुएल २०२१ लाच, सातव्याला आला होता, म्हणजे जॉन्सन कोऑर्डिनेटर व्हायच्या आधी पाया तयार होता. तुमचा पाया मार्चमध्ये तीन माणसं आणून घातलाय. म्हणून मला वाटतं दहाव्याला तो टाइट एंड मागेल, टायलर वॉरेन किंवा आमच्या मिशिगनचा कोल्स्टन लव्हलँड. लव्हलँडला मी अ‍ॅन आर्बरला खेळताना बघितलंय. एवढा उंच मुलगा वळताना वेगच कमी करत नाही. लाइनबॅकर त्याच्या मागे अर्धं पाऊल कायम कमी पडतो.

नेपरव्हिलकर

ताई, तुमचं पटतंय पण मन धजत नाही. कमेटला पैसे दिलेत, मूर आणि ओडुन्झे आहेत, आणि परत बॉल पकडणारा घ्यायचा? पाठ कोण सांभाळणार?

कोथरूडचा बेअर

ड्राफ्ट बघितला का! आमच्याकडे शुक्रवारची पहाट होती. कॅम्पबेल चौथा, जेंटी सहावा रेडर्सला, मेम्बू सातवा, बँक्स नववा. आपल्या बरोब्बर आधी तिसरा टॅकल गेला. मग दहावा कोल्स्टन लव्हलँड. मिशिगनवाली, मानलं तुम्हाला.

नेपरव्हिलकर

तीनही टॅकल गेल्यावर काय बोलणार. उरलेल्यांतला जॉश सिमन्स गुडघ्याच्या ऑपरेशनवाला, तो ३२ व्याला चीफ्सकडे गेला, दहाव्याला त्याच्यावर डाव लावावा असं मीही म्हटलं नसतं. पण मला शुक्रवार (ड्राफ्टचा दुसरा दिवस) खटकला. जडकिन्स ३६ ला, हेंडरसन ३८ ला, म्हणजे सुहास म्हणत होता ते दोघंही आपल्या तोंडावर गेले आणि ३९ ला आपण ल्यूथर बर्डन घेतला, परत रिसीव्हर. ४१ वरून खाली सरकून ५६ ला ऑझी ट्रापिलो घेतला तेव्हा कुठे टॅकल आला. रनिंग बॅक पार सातव्या राउंडला, मोनंगाई.

म्हणजे आता डाव्या टॅकलसाठी ब्रॅक्स्टन, अमेगाजी आणि ट्रापिलो, तिघांत कॅम्पमध्ये झुंज. जॉन्सनवर माझा विश्वास आहे, खरंच आहे, कॅलेबला इतक्या सुंदर रचनेत खेळताना बघायची ओढ लागलीये. पण ब्रॅक्स्टनचा घोटा ऑगस्टपर्यंत भरला नाही तर ५६ व्या नंबरचा रूकी पहिल्या आठवड्यात मिनेसोटाच्या पास रशसमोर उभा असेल, आणि त्याच्या मागे कॅलेब.

मिशिगनवाली

दादा, त्या बाजूला जॉन्सन कमेटला उभा करेल मदतीला, आणि म्हणूनच लव्हलँड घेतलाय. दोन टाइट एंड असले की एक टॅकलजवळ थांबतो आणि दुसरा पळतो, डिफेन्सला कोण थांबणार ते आधी कळत नाही. प्री-सीझनला बघा, कॅलेब अंडर सेंटर (सेंटरच्या अगदी मागे उभा राहून) किती वेळा स्नॅप घेतो ते. आमचा क्वार्टरबॅक गॉफचा प्ले-अ‍ॅक्शन (धावायचं नाटक करून फेकणं) तिथूनच सुरू व्हायचा.