सी (प्रोग्रॅमिंग भाषा) : शेवटची ओळ दोनदा छापते आणि ‘काणकोण’ बिघडते

प्रश्न
पाऊस.टीएक्सटीत प्रत्येक ओळीवर गाव आणि मिलिमीटर आहेत : ‘पेडणे ११२’, ‘काणकोण ९८’ असे. कॅर गाव[१६] (नावासाठी १६ बाइट जागा), त्याच्या खाली इंट मिमी (आकड्यासाठी). व्हाइल (!एफईओएफ(एफपी)), म्हणजे फाइल संपेपर्यंत फिरणाऱ्या लूपमध्ये, एफस्कॅनएफ "%एस %डी" (%एस शब्द वाचतो, %डी आकडा). घरी शेवटची ओळ दोनदा येते, लॅबमध्ये एकदाच. पेडणे ठीक, पण काणकोणचा शेवटचा ‘ण’ जाऊन तिथे चौकोन आणि रोमन ‘बी’ दिसतो. १०० च्या वरच्या नोंदी निकाल.टीएक्सटीत लिहितो, तिथे एकच ओळ उरते.

उत्तर १
एफईओएफ पुढचे सांगत नाही, वाचताना फाइलच्या शेवटाला धडकल्यावरच ते खरे होते. %डी आकडा घेऊन एंटरपाशी थांबते, फाइल ‘संपलेली’ नसते, लूप परत फिरतो, एफस्कॅनएफला काहीच मिळत नाही आणि जुनीच मूल्ये छापली जातात. लॅबमधल्या फाइलच्या शेवटी एंटर नसणार. अट अशी ठेवा : व्हाइल (एफस्कॅनएफ(...) == २), म्हणजे गाव आणि आकडा दोन्ही मिळाले तरच लूप फिरेल.

निकालाची फाइल लूपच्या आत "डब्ल्यू"ने उघडताय ना? दर वेळी ती कोरी होते. लूपच्या आधी एकदाच उघडा. "ए" (शेवटी जोडणे) लावून चूक झाकू नका, दुसऱ्यांदा चालवलात की जुन्या नोंदींखाली नव्या चिकटतील.

उत्तर २
‘ण’चे कोडे : यूटीएफ-८ (अक्षरे साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट, काना-मात्राही वेगळे धरायचे. पेडणे १५ बाइट अधिक नाव संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य, म्हणजे १६. काठोकाठ. काणकोणला १९ लागतात. जादा ३ बाइट शेजारच्या मिमीवर सांडले, लगेच %डीने तिथे ९८ लिहिले, आणि आस्की या अक्षर-क्रमांकांच्या तक्त्यात ९८ म्हणजे लहान ‘बी’! शेजारी काय असेल ते कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा) ठरवतो, त्यामुळे दुसरीकडे प्रोग्रॅम सरळ कोसळेलही. गाव[६४] आणि "%६३एस" (जास्तीत जास्त ६३ बाइट) करा. नुसते "%१५एस" केलेत तर उरलेला ‘ण’ %डीच्या वाट्याला येईल आणि लूप तिथेच थांबेल.

उत्तर ३
यादीत ‘जुने गोवे’ आले की %एस ‘जुने’वरच अडकेल. नाव-आकड्यात स्वल्पविराम टाका, एफगेट्सने २५६ बाइटांच्या बफरमध्ये (तात्पुरत्या जागेत) अख्खी ओळ घ्या, मग त्या ओळीतून एसस्कॅनएफ "%६३[^,],%डी" (स्वल्पविरामापर्यंत नाव, मग आकडा). दोन्ही मिळाले नाहीत तर ओळ क्रमांक एसटीडीएररवर (चुकांच्या संदेशांच्या मार्गावर) छापून पुढे चला.

एफओपनने नल दिले (फाइल उघडली नाही) तर पीएरर लावा, ते कारण छापते. बहुतेकदा फाइल असते, पण प्रोग्रॅम भलत्याच फोल्डरमधून चाललेला असतो. निकालाची फाइल बंद करणाऱ्या एफक्लोजचेही उत्तर तपासा : डिस्क भरलेली असली तर बफरमधला शेवटचा मजकूर तिथेच अडतो, फाइलीत लिहिणारे एफप्रिंटएफ मात्र सगळे ठीक म्हणून गेलेले असते.