मदत हवी आहे: जर्मनीला मिक्सर, विळी आणि चार्जिंगचा चॉपर कसा न्यावा?

मंडळी, लेक पुढच्या महिन्यात शिकायला श्टुटगार्टला चालली आहे. सोलापूरहून रेल्वेने मुंबई, तिथून विमान. चेक-इनला 23 किलोची एकच बॅग, हातात 7 किलो. बॅग भरायला घेतली आणि पहिल्याच दिवशी अडकले.

न्यायचंय ते असं: 500 वॉटचा छोटा मिक्सर, त्याची दोन भांडी, फोल्डिंगची विळी आणि मैत्रिणींनी दिलेला यूएसबीवर चार्ज होणारा लसूण-मिरचीचा चॉपर. शेंगाचटणी खलबत्त्यातलीच खरी, मान्य. पण आमचा लोखंडी खलबत्ता उचलूनच हात दुखतो, तो घरीच राहणार.

पात्याची वस्तू हातातल्या बॅगेत चालत नाही, हे जावेकडून कळलंय. काउंटरवर तिची बॅग दोन किलो जास्त भरली, म्हणून घाईघाईत चटणीचं भांडं काढून हातातल्या बॅगेत टाकलं. सिक्युरिटीला पातं दिसलं, भांडं तिथेच राहिलं. मिक्सर पोचला, भांडं नाही!

म्हणून मी भांड्यातलं पातंच काढून पाहिलं. पान्याने निघालं, पण खालची रबराची चकती सरकली. परत बसवून पाणी भरून ओट्यावर ठेवलं, तर पाच मिनिटांत बुडाशी डबकं. आता दुसऱ्याचंही काढायचं का?

आणि चॉपरचं काय? पातं म्हणून चेक-इनमध्ये, बॅटरी म्हणून हातात. हे ध्यान ठेवायचं कुठे?

प्रतिसाद 1
ताई, दुसऱ्याला हात लावू नका. भांडं हीच पात्याची म्यान. आत मोजे कोंबा, झाकणाला चिकटपट्टी, वरून टॉवेल, आणि बॅगेच्या मधोमध. गळणाऱ्याला नवी चकती घाला, भांडं सोबत नेलं तर दुकानदार मापाची देतो. विळीचं पातं मात्र जाड पुठ्ठ्यात गुंडाळा. बॅग उघडून तपासणाऱ्याचा हात कापायला नको. तिथे वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, त्यामुळे मिक्सर चालेल. फक्त प्लगची पिन वेगळी. अर्थिंगवाला अडॅप्टर घ्या, मोबाइलचा स्वस्तातला नको.

प्रतिसाद 2
चॉपरचं पातं सुटं होत असेल तर पातं चेक-इनमध्ये, मोटरचा भाग हातात. बॅटरीवर 1200 एमएएच, 3.7 व्होल्ट असं काही लिहिलेलं असेल; म्हणजे जेमतेम साडेचार वॉट-अवर, आणि मर्यादा 100 ची. बटण चुकून दाबलं जाणार नाही असं बांधा. पॉवर बँक मात्र हातातच, चेक-इनमध्ये अजिबात नको. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या टाकल्या असतील तर काढा. तेलामुळे पेट घेण्याची भीती म्हणून त्या चेक-इनमध्येही चालत नाहीत.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! चॉपरचं पातं फिरवलं की निघतं, सुटले. खोबऱ्याच्या चार वाट्या खरंच टाकल्या होत्या की हो, शेंगदाण्यांच्या खाली. काढल्या. पाकिटाची चटणी नको म्हणणारी लेक आता म्हणते, वाटलेलीच दे, मिक्सर पुढच्या खेपेला. भांड्यांत मोजे भरून बसलेय मी!