हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्यात, घरी साफ केल्या तर टिकतील का?

रत्नांग्री_स्विफ्ट: गाडी 2013 ची स्विफ्ट, रत्नागिरीत दारात उघड्यावरच उभी असते, शेड नाही. दोन्ही हेडलाइट पिवळट धुरकट झालेत, वरच्या बाजूला तर फारच. पावसात रात्री आंबा घाट चढताना कडेची पांढरी पट्टी पण दिसत नाही, बायको-पोरं गाडीत असली की भीती वाटते. गॅरेजवाला म्हणतो 100/90 चा बल्ब टाका, कोणी टूथपेस्ट सांगतं. नक्की काय करू?

घाटवाट: बल्बचं डोक्यातून काढून टाका आधी. तुमचा एच4 बल्ब 60/55 वॅटचा (हाय बीम 60, लो बीम 55), वायरिंग आणि होल्डर तेवढ्याच हिशोबाने दिलेलं असतं. 100/90 ने होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो, नियमातही बसत नाही. आणि धुरकट लेन्समधून उजेड रस्त्यावर न पडता सगळीकडे फाकतो, म्हणजे तुम्हाला दिसणार नाहीच वर समोरच्याचे डोळे दिपणार.

पॉलिशपेपर: जुन्या अँबॅसिडर, पद्मिनीला काच होती, तिला हा त्रास नव्हता. आता पॉलिकार्बोनेट असतं, त्यावर कंपनी यूव्ही अडवणारा पातळ कडक थर देते, तो उन्हाने गेला की खालचं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. वरचा भाग जास्त खराब कारण ऊन तिथेच पडतं. टूथपेस्टने वरवरचा पिवळेपणा निघतो, पण थोड्याच दिवसात परत तेच.

घरी नक्की होतं. आजूबाजूच्या पेंटला मास्किंग टेप दोन पदरी लावा, मग वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर, नंबर मोठा तेवढा बारीक), 800 पासून सुरू करून 1500, 2000, 3000, पाणी सतत मारत राहायचं, कोरडं घासायचं नाही. प्रत्येक नंबरला दिशा बदला म्हणजे आधीचे ओरखडे गेले का ते कळतं. 800 ला पिवळं पाणी निघेल, ते दुधासारखं पांढरं होईपर्यंत पुढच्या पेपरवर जाऊ नका, इथेच लोक घाई करतात. शेवटी कंपाऊंड, म्हणजे चकाकी आणणारी पॉलिशिंग पेस्ट.

आता खरं महत्त्वाचं. घासून तुम्ही उरलासुरला थर पण काढलेला असतो, म्हणजे तसंच सोडलं तर आधीपेक्षा लवकर पिवळं पडणार! वर यूव्ही अडवणारा टू-के क्लिअर कोट (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) मारा किंवा डिटेलिंगवाल्याकडून हेडलाइटची पीपीएफ, म्हणजे पारदर्शक संरक्षक फिल्म, लावून घ्या. नुसतं वॅक्स दोन-चार वॉशमध्ये जातं. टू-के च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासातून गेलेलं घातक, साधा कापडी मास्क चालत नाही, म्हणून ते काम पेंटरकडे दिलेलं बरं, घासायचं घरी करा पैसे वाचतील.

सह्याद्री_ड्राइव्ह: थिनर, पेट्रोल अजिबात लावू नका, पॉलिकार्बोनेटला बारीक चिरा जातात. मच्छरचा स्प्रे मारायचे व्हिडिओ फिरतात त्यातही तेच, त्यातल्या डीट या मच्छर पळवणाऱ्या रसायनाने वरचा पापुद्रा मऊ होतो म्हणून क्षणभर चकचकीत दिसतं.

रत्नांग्री_स्विफ्ट: खूप आभार सगळ्यांचे. डाव्या लाईटमध्ये आतून पण वाफ धरते, ती घासून जाईल का?

पॉलिशपेपर: नाही, बाहेरून घासून आतलं काही होत नाही. मागचं रबर कव्हर नीट बसलंय का आणि हवेची नळी मातीने बुजली नाही ना बघा. लाईट लावल्यावर थोड्या वेळात वाफ गेली तर काळजी नाही, पाणी तळाला साचत असेल तर सील गेलंय, ते आधी करून घ्या मग क्लिअर कोट. आणि कोट पाऊस संपल्यावर मारा, दमट हवेत तो पांढुरका पडतो.