मदत हवी आहे : शुगरमुळे टीबी बळावतो का?

भीमाकाठ : बाबांना फुप्फुसाचा टीबी. गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले तरी थुंकी पॉझिटिव्हच. त्यात साखर ३१०. डॉक्टरांना बोलायला वेळ नाही. शुगरमुळे टीबी वाढला की टीबीच्या गोळ्यांनी शुगर? लवकर सांगा, गुरुवारी दाखवायचंय.

तांबडी_माती : ३१० उपाशीपोटी की जेवून? शुगर किती वर्षं? गोळी कुठली?

सुगरणताई : आमच्या चुलत्यांची ३५० होती. कारल्याचा रस, रोज अर्धी वाटी. दीड महिन्यात नॉर्मल.

रात्रपाळी : ताई, टीबी होता का त्यांना?

सुगरणताई : नाही, पण साखर ती साखरच ना.

भीमाकाठ : उपाशीपोटी. १२ वर्षं. पांढरी गोळी, सकाळी एक.

रात्रपाळी : पांढरी हे नाव नव्हे, पट्टी बघून लिहा. तोवर ऐका, तुमचं दोन्ही बरोबर आहे. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत. जंतू जास्त, फुप्फुसात पोकळ्या जास्त, थुंकी निगेटिव्ह व्हायला उशीर. उलट टीबीसुद्धा साखर चढवतो. वर टीबीच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्यांचा असर कमी होतो. म्हणून बऱ्याच जणांना काही काळ इन्सुलिन देतात.

जुना_खोडरबर : इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही. अनुभवाने सांगतोय.

तांबडी_माती : काहीही! माझ्या आईला टीबीत सहा महिने होतं, नंतर परत गोळ्यांवर आली. तिचा तर डाग फुप्फुसाच्या खालच्या भागात, म्हणून आधी न्यूमोनिया समजून तीन आठवडे फुकट गेले. शुगरवाल्यांना तसा डाग येतो म्हणे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पेन्शनर_५८ : टीबीवाल्यांच्या खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे पैसे येतात का? आधी महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. बँक खातं जोडून घ्या.

भीमाकाठ : काका, पैशाचं कुठे विचारलंय मी?

पेन्शनर_५८ : अंडी काय फुकट येतात?

भीमाकाठ : पट्टी सापडली. ग्लिमेपिराइडच आहे. दहाची पट्टी, दोन महिन्यांपूर्वी आणलेली, सात शिल्लक. बाबा म्हणतात, टीबीच्या एवढ्या गोळ्या गिळतोय, त्यात आणखी ही कशाला.

तांबडी_माती : हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं हो!

रात्रपाळी : गुरुवारची वाट बघू नका, उद्याच जा. मनाने डोस वाढवू नका, पट्टी सोबत न्या. टीबीच्या गोळ्याही मोजा, त्या तरी पोटात जातायत ना? शिवाय औषधाला न जुमानणारा टीबी आहे का, याची थुंकीची तपासणी झाली का ते विचारा. मुंग्या येत असतील तर तेही सांगा, बी-६ जीवनसत्त्वाची गोळी चालू आहे का बघतील.

भीमाकाठ : टीबीच्या मोजल्या, बरोबर भरल्या. त्या आई समोर उभी राहून देते. सकाळी निघतो.

सुगरणताई : रस्त्यात कारली मिळाली तर घ्या हो.